पाझर

आत्याचं तोंड वाटोळं व्हायला लागलं, तेव्हा घरात सगळ्यांना बरंच वाटलं होतं. कान्हूर पठारावरच्या त्या घरात सुबत्ता म्हणावी अशी कधी आलीच नव्हती. वाटाण्याला भाव लागला तर दिवाळी, नाही तर उधारी. त्यात धाकट्याला सुप्याच्या एमआयडीसीत काम लागलं आणि वर्ष-दीड वर्षात आत्याचे गाल भरले. शेजारणी म्हणाल्या, "लेकाची कमाई अंगी लागली." मीही सुट्टीत गेलो की म्हणायचो, "आत्या, सुधारलीस." ती पदर तोंडाला लावून हसायची.

हात मात्र सुधारले नव्हते. बांगड्या मनगटावरून कोपरापर्यंत घसरायच्या. खाली बसली की उठताना चुलीच्या कट्ट्याला हात लावून, "आई गं" म्हणत उठायची. कुठं जरा आपटलं की जांभळे डाग. पारनेरच्या एका डॉक्टरांनी गुडघ्याच्या गोळ्या दिल्या. दुसऱ्यांनी शुगर तपासली, ती वाढलेली निघाली, त्याची गोळी सुरू झाली. तिसरीकडे बीपी निघालं. तिन्ही ठिकाणी तिला एक प्रश्न विचारला गेला, "आधीपासून काही औषधं चालू आहेत का?" आणि तिन्ही ठिकाणी, मधे मिळालेल्या गोळ्या सोडल्या तर, तिनं खरं तेच सांगितलं, "नाही बाई, काही नाही."

ते खोटं नव्हतं. ट्यूब हे तिच्या लेखी औषध नव्हतंच. औषध म्हणजे जे पोटात घेतात, नाही तर सुईनं टोचतात. ट्यूब वरून लावायची असते. तेल लावतात, हळद लावतात, तशी.

तिच्या नडग्यांवर आणि कोपरांवर कितीतरी वर्षांपासून चट्टे होते. ती त्याला इसब म्हणायची. नगरच्या एका त्वचारोगतज्ज्ञांनी सोरायसिस सांगितलं होतं आणि एक मलम लिहून दिलं होतं. कागदावर 'दोन आठवडे' असंही लिहिलेलं होतं. तो कागद देव्हाऱ्यामागं घडी घालून ठेवला होता, घडीवर फाटला होता. कागदावरचं मलम होतं क्लोबेटासोल, त्वचेला लावायच्या स्टिरॉइडांतलं सगळ्यात जहाल. दोन आठवड्यांत चट्टे गेले. तिसऱ्या आठवड्यात परत आले, आधीपेक्षा लाल होऊन. कागद मेडिकलमध्ये दाखवला, ट्यूब मिळाली. पुढं कागदही दाखवावा लागेना. रिकामी ट्यूब दाखवली तरी चाले. त्याही पुढं नुसतं, "माझी ती दे" एवढंच.

गेल्या वर्षी मे महिन्यात मी ती ट्यूब हातात घेऊन वाचली. मी औषधांबद्दल थोडंफार वाचलेला माणूस. थोडंफार, हे इथं महत्त्वाचं. मी आरडाओरडा केला. "हे स्टिरॉइड आहे, विष आहे, आजपासून बंद," म्हणालो आणि उरलेल्या पाच ट्यूबा उकिरड्यावर फेकून, जग सुधारल्याच्या आनंदात परत गेलो.

बाराव्या दिवशी फोन आला. आत्याला ताप आला, दोन उलट्या झाल्या आणि ती ओसरीवर कोसळली. पाय उचलेना, बोलणं कळेना.

नगरच्या दवाखान्यात आधी गॅस्ट्रो समजून सलाइन लावली. मेचं ऊन, ताप, उलट्या, यात वेगळं काही सुचणं कठीणच. पण बाटल्यांवर बाटल्या जाऊनही बीपी वर येईना आणि शुगरची गोळी घेणाऱ्या बाईची शुगर पन्नासच्या खाली. रात्रपाळीला आलेल्या एका तरुण डॉक्टरबाईंनी तिच्या पायांवरचं पांघरूण बाजूला केलं, कागदासारखी पातळ झालेली कातडी चिमटीत धरली आणि विचारलं, "आजी, याला काय लावता?"

औषधं कोणती घेता, असं नव्हे. काय लावता, असं. तीन डॉक्टरांना न मिळालेलं उत्तर या शब्दाला मिळालं. हायड्रोकॉर्टिझोनचं इंजेक्शन दिलं आणि सकाळी आत्या उठून बसून चहा मागायला लागली. म्हणजे जे मी विष म्हणून उकिरड्यावर फेकलं, त्याच कुळातलं औषध शिरेतून देऊन तिला परत आणलं होतं. डॉक्टरबाईंनी मला बाजूला घेतलं. "बंद करायला कोणी सांगितलं?" मी खाली बघत राहिलो. "करायचंच होतं बंद," त्या म्हणाल्या, "पण असं नाही."

मग त्यांनी विचारलं, आतापर्यंत किती ट्यूबा झाल्या असतील? कोण सांगणार? आत्या म्हणाली, "व्हत्या असतील पाच-पंचवीस." पण घरात हिशेब ठेवणारा एक जण होता. तिचा सहा वर्षांचा नातू ट्यूबची पांढरी टोपणं जमवायचा. बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात भरून ठेवायचा, त्यांचे डाव मांडायचा, आगपेटीच्या गाडीला चाकं करायचा. मी गावाकडं गेलो आणि अंगणात ती टोपणं दहा-दहाच्या ओळीत मांडली. चौदा ओळी आणि वर तीन. एकशे त्रेचाळीस. ट्यूब ३० ग्रॅमची. म्हणजे ४,२९० ग्रॅम. सव्वाचार किलोच्या वर मलम, आणि तेही पोराला खेळ सुचल्यापासूनच्या दोन वर्षांतलंच. दिवसाला सरासरी सहा ग्रॅम पडले. क्लोबेटासोलच्या माहितीपत्रकात बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की, सलग दोन आठवड्यांपेक्षा जास्त लावू नये, आठवड्याला ५० ग्रॅमच्या वर जाऊ नये आणि दिवसाला अवघ्या २ ग्रॅमनंही शरीरातल्या ग्रंथींचं काम दबल्याचं आढळलं आहे.

पारनेर तालुक्यात पाझर तलाव काय असतो, हे पोराला समजावून सांगावं लागत नाही. वर पाणी अडवायचं. ते तिथंच दिसतं, तिथंच आटल्यासारखं वाटतं. पण खालच्या अंगाच्या विहिरीला चार महिन्यांनी पाणी चढतं. राळेगणसिद्धीचं नाव झालं ते याच साध्या गोष्टीवर. जमिनीबद्दल आम्हाला जे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे, ते कातडीबद्दल मात्र मान्य होत नाही. कातडी म्हणजे रेनकोट, वरचं वर राहतं, असंच सगळे धरून चालतात.

पण कातडीही पाझरते, आणि तो पाझर जागोजागी वेगळा असतो. १९६७ साली फेल्डमन आणि मेबाख या दोन अमेरिकी संशोधकांनी माणसाच्या अंगावर वेगवेगळ्या जागी हायड्रोकॉर्टिझोन लावून ते किती आत जातं, हे मोजलं. हाताच्या आतल्या बाजूचा पाझर एक धरला, तर तळपायाचा एक सप्तमांश भरला. टाळूचा साडेतीनपट, कपाळाचा सहापट, जबड्याच्या कडेचा तेरापट. आणि वृषणाच्या कातडीचा बेचाळीसपट. गावात गजकर्ण सगळ्यात जास्त कुठं होतं, हे लिहायची गरज नाही. फक्त तो आकडा पुन्हा वाचावा. त्यावर घट्ट जीन्स, घाम, किंवा बाळाच्या बाबतीत प्लॅस्टिकचा डायपर असं झाकण बसलं, की पाझर आणखी कितीतरी पटीनं वाढतो. कातडी आधीच सोललेली, भेगाळलेली असेल, तर बांधच फुटलेला.

या औषधाचा जन्म मात्र मोठा उजळ आहे. सप्टेंबर १९४८ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी संधिवातानं अंथरुणाला खिळलेल्या एका बाईला कॉर्टिझोन टोचलं आणि काही दिवसांत ती चालायला लागली. दोनच वर्षांत, १९५० साली, हेंच, केंडॉल आणि राइशस्टाइन यांना नोबेल मिळालं. पुढं सल्झबर्गर आणि विटेन यांनी १९५२ मध्ये हायड्रोकॉर्टिझोन कातडीवर लावूनही इसब बरं होतं, हे दाखवलं. गोळ्या-इंजेक्शनांचे दुष्परिणाम तोवर दिसायला लागलेच होते. त्यामुळं वरून लावायचं औषध हा सगळ्यांना सुटकेचा मार्ग वाटला. मग मूळ रेणूला फ्लोरिन-क्लोरिन जोडून जास्त जहाल, आणखी जहाल अशी मलमं निघत गेली. सत्तरच्या दशकात बाजारात आलेलं क्लोबेटासोल सुरुवातीच्या त्या हायड्रोकॉर्टिझोनच्या शेकडो पट ताकदीचं आहे. मेडिकलच्या काउंटरवर मात्र दोन्ही ट्यूबा शेजारीशेजारी असतात, दिसायला सख्ख्या बहिणी.

आत गेल्यावर काय होतं, ते आत्याला मी टँकरवरून सांगितलं. दोन्ही मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारखी एकेक ग्रंथी बसलेली असते, अधिवृक्क ग्रंथी. वजन चार-पाच ग्रॅम. ही रोज पहाटे कॉर्टिसोल नावाचं संप्रेरक सोडते. त्याच्या जोरावर माणूस अंथरुणातून उठतो. आजारपणात, अपघातात, बाळंतपणात शरीराला तग धरायला तेच लागतं. किती सोडायचं, याचा हुकूम मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीकडून येतो. स्टिरॉइड मलम हा या कॉर्टिसोलचाच जास्त ताकदीचा भाऊबंद. रोज बाहेरून टँकर यायला लागला, की गावच्या विहिरीचा गाळ काढायचं कोण बघतो? दोन वर्षं टँकर येत राहिला तर विहीर बुजते. आणि मग कुणा शहाण्यानं भर मेमध्ये एका दिवसात टँकर बंद केला, तर?

"तो शहाना तू," आत्या म्हणाली. हसली, पण म्हणाली.

टँकर येत असतो तोवरचं दुखणं वेगळं असतं. जास्तीचं स्टिरॉइड चेहऱ्यावर, मानेमागं, पोटावर चरबी चढवतं आणि हातापायांचा स्नायू खातं. म्हणून गाल वाटोळे आणि बांगड्या ढिल्या. उकिडवं बसून उठता न येणं हे गुडघ्याचं दुखणं नव्हतंच, मांड्यांची ताकद गेली होती. शुगर, बीपी ही त्याचीच पोरंबाळं. डोळ्यांभोवती लावत राहिलं तर मोतीबिंदू आणि काचबिंदू. हाडांचं तर मोजमापच झालं आहे. डेन्मार्कमध्ये सव्वासात लाखांच्या आसपास प्रौढांच्या नोंदी तपासून २०२१ मध्ये असं मांडलं गेलं की, जहाल मलमांची आयुष्यभराची एकूण मात्रा दुप्पट झाली, की हाडं ठिसूळ होण्याचा धोका सुमारे ३ टक्क्यांनी वाढतो. तीन टक्के म्हणजे फार नाही, असं वाटेल. पण दुपटीवर दुपटी चढत जाते, आणि तिकडं ट्यूब चिठ्ठीशिवाय मिळत नाही.

आत्याची ट्यूब एकट्या आत्याची नव्हती. हे मला टोपणं मोजताना कळलं.

धाकट्याच्या जांघेत गजकर्ण होतं. कारखान्यात बारा तास उभं राहायचं, जाड पँट, घाम. घरी एकच टॉवेल. तोही आईची ट्यूब लावायचा, कारण लावली की पहिल्या रात्रीच खाज मरते. इथंच गोम आहे. खाज आणि लाली ही शरीरानं बुरशीवर केलेल्या चढाईची खूण. स्टिरॉइड ही चढाईच थांबवतं. माणसाला वाटतं आग विझली. खरं तर आगीचा बंब घरी पाठवलेला असतो. बुरशी खाली निवांत पसरते. तिचा नेहमीचा गोल, कडा उठलेला आकार मोडतो, डॉक्टरलाही ओळखू येत नाही. या वेषांतर केलेल्या गजकर्णाचं वर्णन ब्रिटिश डॉक्टरांनी १९६८ मध्येच करून ठेवलं आहे. आपल्याकडं गेल्या दहा-बारा वर्षांत तर गजकर्णाची साथच आली. जी बुरशी पूर्वी दोन आठवड्यांच्या मलमानं जायची, ती आता महिनोन्‌महिने गोळ्या खाऊनही हटत नाही. तिच्या एका नव्या जातीला जपानी संशोधकांनी २०२० मध्ये नाव दिलं, 'ट्रायकोफायटन इंडोटिनी'. यातला 'इंडो' म्हणजे आपणच. टर्बिनाफिन या हुकमी औषधाला ती बऱ्याचदा दाद देत नाही. २०२३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये तिचे पहिले रुग्ण नोंदले गेले. स्टिरॉइड, दोन अँटिबायोटिकं आणि एक बुरशीनाशक, अशी चार-पाच औषधांची खिचडी एकाच ट्यूबमध्ये विकण्याचा आपला उद्योग या साथीच्या मुळाशी आहे, असं त्वचारोगतज्ज्ञ वर्षानुवर्षं सांगत आले आहेत.

सुनेला वांग होते. बाळंतपणानंतर गालांवर आलेले. तिनं तीच ट्यूब रात्री झोपताना लावली आणि आठवड्यात तोंड उजळलं. एका लग्नात सगळ्यांनी विचारलं, काय लावतेस? आता ती लावली नाही तर तोंडाची आग होते, उन्हात गेलं तर लाल होतं, हनुवटीवर दाट बारीक लव आली आहे, मुरमांसारखे फोड आले आहेत. याला वैद्यकीय नाव आहे, स्टिरॉइडनं बिघडलेला चेहरा, आणि ते नाव भारतीय डॉक्टरांनीच रूढ केलं. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत देशातल्या १२ केंद्रांवर चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २,९२६ जणांना विचारलं, तर ४३३ जण स्टिरॉइड लावत होते. आणि त्यांतल्या दर पाचांपैकी तिघांना ते कोणा डॉक्टरनं सांगितलेलंच नव्हतं. मैत्रीण, पार्लर, मेडिकल, नणंद. किंवा आमच्या घरातल्यासारखं, सासू.

आणि बाळ. सुनेच्या धाकटीला डायपरनं लाल पुरळ उठायचं, तेव्हा आत्या नखभर मलम लावायची. सुदैवानं दोन-चार वेळाच. हे ऐकून डॉक्टरबाईंचा चेहरा उतरला. बाळाच्या वजनाच्या मानानं त्याची कातडी मोठी असते, ती पातळ असते आणि डायपर हे वर झाकण. असं महिना-दोन महिने लावून आत्यासारखंच जास्तीच्या स्टिरॉइडचं दुखणं, म्हणजे कुशिंग, झालेल्या तान्ह्या बाळांच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत, भारतातल्याही. त्या बाळांचे गाल गुबगुबीत होतात, अंग भरतं, उंची मात्र थांबते. माझ्या डोक्यात तेव्हापासून एक शब्द अडकून राहिला आहे, बाळसं. अशा बाळाला आपल्याकडं कोणीही दवाखान्यात नेणार नाही. उलट दृष्ट काढतील.

त्या मेडिकलवाल्याशी मी बोललो. भांडायला गेलो होतो, बोलून आलो. तो माझ्यापेक्षा लहान, आत्याला काकू म्हणणारा. काउंटरवर सकाळची गर्दी होती. मी उभा होतो तेवढ्यात एका म्हाताऱ्यानं धोतर बाजूला करून पोटरी दाखवली, एका मुलानं मोबाइलवर फोटो दाखवला. "दादा, मी नाही दिली तर पुढच्या दुकानात मिळते," तो म्हणाला. "आणि मी म्हणालो नगरला जा, स्किनच्या डॉक्टरला दाखवा, तर म्हणतात, एका ट्यूबसाठी रोज बुडवू का?" पारनेरहून नगर चाळीसेक किलोमीटर. जायला-यायला एसटी, तिथला नंबर, फी, बुडालेली मजुरी. त्या तुलनेत ट्यूब म्हणजे काहीच नाही. त्याच्या बोलण्यातला निम्मा भाग सबब होता, हे खरं. उरलेल्या निम्म्याला मला उत्तर सुचलं नाही.

मग त्यानं ट्यूबच्या खोक्यावरची लाल उभी रेघ दाखवली. "ही बघा, शेड्यूल एच. चिठ्ठीशिवाय द्यायची नाही. मला माहीत आहे."

या लाल रेघेची कथा मजेशीर आहे, आणि आत्यानं ती ऐकली तर तिला हायसं वाटेल. औषध नियमावलीच्या ज्या परिशिष्टात चिठ्ठीवरच विकायची औषधं येतात, त्यातच एक टीप होती. ही बंधनं बाहेरून लावायच्या औषधांना लागू नाहीत, अशा अर्थाची. डोळ्या-कानाची, नाकाची औषधं तेवढी अपवाद. म्हणजे आत्याचं जे मत, वरून लावायचं ते औषध नव्हे, तेच दिल्लीत राजपत्रात छापलेलं होतं. त्वचारोगतज्ज्ञांच्या अखिल भारतीय संघटनेनं त्याविरुद्ध कृती दल उभारलं, निवेदनं दिली. अखेर मार्च २०१८ मध्ये १४ स्टिरॉइड मलमांना चिठ्ठीचं बंधन स्पष्टपणे लागू झालं. त्याआधी मार्च २०१६ मध्ये सरकारनं ३४४ मिश्र औषधांवर बंदी घातली होती, त्यांत काही स्टिरॉइड-खिचड्याही होत्या. कंपन्या न्यायालयात गेल्या, डिसेंबरात दिल्ली उच्च न्यायालयानं बंदी रद्द केली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि सप्टेंबर २०१८ मध्ये ३२८ औषधांवर पुन्हा बंदी आली. एका खिचडीवर बंदी आली की घटक बदलून दुसरी शिजते, हे सांगायला कोणी तज्ज्ञ लागत नाही. मेडिकलचं कपाट बघितलं तरी पुरे.

आणि खोक्यावर नावच नसेल तर? 'शंभर टक्के वनौषधी' म्हणून विकल्या जाणाऱ्या मलमांत चोरून स्टिरॉइड घातलेलं जगभर सापडलं आहे. १९९९ मध्ये लंडनमध्ये इसबासाठी विकली जाणारी ११ चिनी वनौषधी मलमं तपासली, ८ मध्ये डेक्सामेथासोन निघालं. आपल्याकडच्या अकोल्याचं प्रकरण तर वेगळ्याच विषाचं. एका घरातल्या तिघींच्या मूत्रपिंडांना सूज आली. मुंबईच्या केईएम रुग्णालयात शोध घेता घेता बोट गेलं ते तिघी लावत असलेल्या गोरेपणाच्या क्रीमकडं. त्यात पारा होता, मर्यादेच्या कितीतरी पट. २०२३ मध्ये हे वर्तमानपत्रांत आलं. पारा वेगळा, स्टिरॉइड वेगळं. पण चेहऱ्यावर लावलेलं मूत्रपिंडापर्यंत गेलं, एवढं तरी त्या बातमीनं घराघरांत पोचवलं असेल, अशी माझी भाबडी समजूत होती. पारनेरच्या स्टँडवर विचारून पाहिलं. कुणाला आठवत नव्हतं.

आता थोडं उलट बाजूनं. मी 'विष' म्हणालो, तो मूर्खपणा होता आणि तसलाच मूर्खपणा आता मोबाइलवर फिरतो आहे. ज्याला खरं इसब आहे, रात्रभर खाजवून रक्त काढणारं मूल आहे, त्याला योग्य ताकदीचं मलम योग्य तेवढे दिवस लावलं, तर त्यासारखं दुसरं वरदान नाही. आयांनी घाबरून ते न लावल्यानं पोरं झोपेविना कुढतात, हेही डॉक्टर रोज बघतात. मापही अवघड नाही. १९९१ मध्ये लाँग आणि फिनले या दोघांनी ते पक्कं केलं. तर्जनीच्या शेवटच्या पेरावर, टोकापासून पहिल्या घडीपर्यंत, ट्यूबमधून दाबलेली एक रेघ म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम, आणि तेवढ्यात बोटांसह दोन तळहातांएवढी जागा भागते. डॉक्टरबाईंनी आत्याच्या बोटावर ते करून दाखवलं. आत्यानं बोटाकडं पाहिलं आणि म्हणाली, "एवढंच? मी तर पोळीला तूप लावावं तसं लावत व्हते."

खूप दिवस, खूप मोठ्या जागेवर लावलेलं जहाल मलम सोडायचं असेल तर ते पायऱ्या-पायऱ्यांनी. कमी ताकदीचं, मग एकाआड एक दिवस, आणि मधे रक्तातलं कॉर्टिसोल बघून. ते काम डॉक्टरचं. भाच्याचं नव्हे.

आत्या आता हायड्रोकॉर्टिझोनच्या गोळ्यांवर आहे. सकाळी मोठी मात्रा, दुपारी लहान. ताप आला तर दुप्पट घ्यायची, उलट्या झाल्या तर थांबायचं नाही, इंजेक्शनसाठी दवाखाना गाठायचा. हे सगळं एका कार्डावर मराठीत लिहून घेतलं आहे. ते कार्ड आणि आधारकार्ड एकाच प्लॅस्टिकच्या पिशवीत, कमरेच्या पिशवीत खोचलेलं. गालांचा वाटोळेपणा ओसरतो आहे. शेजारणी आता म्हणतात, "वाळली गं बाई." शुगरची गोळी अर्ध्यावर आली. चट्टे मात्र उसळून परत आले, त्यावर वेगळं औषध चालू आहे आणि खाज रात्री दोन वाजता उठवते. तेव्हा ती उठून ओसरीवर बसते. "त्या टायमाला तुझी लई आठवण येती," ती मला म्हणाली. प्रेमानं म्हणाली का, ते मी विचारलं नाही.

दर तीन महिन्यांनी कॉर्टिसोल तपासायचं असतं, तेही सकाळी आठच्या सुमारास, कारण शरीराचं स्वतःचं कॉर्टिसोल सकाळीच चढतं. त्या दिवशीची गोळी रक्त दिल्यानंतर घ्यायची. पठारावरून आठला नगर गाठायचं तर एसटीचा भरवसा नाही. म्हणून गावातल्याच एका पोराची जीप सांगतो. पहिल्यांदा आकडा दोनच्या खाली होता. मग चार, मग सहा. दहाच्या वर गेला की बोलू, असं डॉक्टरबाई म्हणतात. बुजलेली विहीर पाझरते आहे, पण थेंबाथेंबानं.

परवाच्या खेपेला पहाटे साडेपाचला निघालो. थंडी होती, वाटाण्याच्या वावरांवर धुकं होतं. भाळवणीच्या अलीकडं चहाला थांबलो, तेव्हा ड्रायव्हर पोरानं शर्टाची बाही वर केली, कोपराच्या आतल्या बाजूला करकरून खाजवलं आणि डॅशबोर्डचा कप्पा उघडून एक ट्यूब काढली. मधोमध चेपलेली, शेपूट गुंडाळलेली. आत्या मागच्या सीटवरून बघत होती.

"किती दिस झालं रं लावतोस?"

"ही व्हय? हे काय औषध न्हाई मावशी, वरून लावायचंय."

"तसं न्हाई," आत्या पुढं वाकून म्हणाली. "आजवर ट्यूबा किती झाल्या?"

पोरगं हसलं. टोपण दातात धरून म्हणालं, "आता त्या मोजल्यात कुनी?"